बर्फाचं पाणी बंद

ऑगस्ट संपत आला की इथे आखातात, आमच्या खैतानमध्ये, समुद्राकडची ओली हवा येते. घरातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. गेल्या वर्षी त्याच दिवसांत आमच्या म्हाताऱ्याने जेवण सोडलं. सकाळपासून बर्फाचं पाणी प्यायचा, वर फ्रिजमधलं लबान, म्हणजे इथलं ताक. ताट पुढे ठेवलं की म्हणायचा, "पोट भरलंय."

पायजमा कमरेवर राहीना. मुलगा म्हणाला, "अम्मी, अब्बा असेच राहिले तर दोघांना गावी पाठवतो. इथे आजारी पडले तर ड्युटी सोडून मी कुठे धावू?"

बोलला ते खरंच होतं. पण गावी माझी मोठी जाऊ आहे आणि चूल एकच आहे. मला जायचं नव्हतं.

वरच्या मजल्यावर एक चिनी बाई राहते. तिचा बाप त्यांच्याकडचा हकीम होता. लिफ्टमध्ये तिने म्हाताऱ्याला पाहिलं आणि सरळ आमच्या घरात आली. ती फोनमध्ये चिनी बोलायची, फोन आम्हाला हिंदीत सांगायचा. तिने त्याला जीभ बाहेर काढायला लावली. जिभेवर जाड पांढरा थर होता. तिचं म्हणणं असं की बाहेर ओल, आत ओल, त्यावर हा बर्फ ओततो, म्हणून पोटातला विस्तव मंदावलाय. थंड काही द्यायचं नाही. सालीच्या मुगाचं पातळ कढण आल्याचा तुकडा घालून कोमट द्यायचं. कारलं, कोहळा, जवाचं पाणी चालेल. कलिंगड चालेल, पण फ्रिजमधलं नाही. तळलेलं आणि गोड बंद.

"हे बाळंतिणीचं जेवण आहे," म्हातारा म्हणाला.

"मग बाळंत व्हा, नाहीतर जेवा."

पाण्याच्या बाटल्या मी मुलाच्या खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवल्या. म्हाताऱ्याने आधी मला शिव्या घातल्या, मग त्या चिनी बाईला. मग कढणात मीठ कमी आहे म्हणाला. मीठ कळायला लागलं म्हणजे बरं आहे, असं मी धरलं. एका दुपारी त्याने कारल्याची भाजी परत मागितली. त्यात मी गूळ घातला नव्हता. पोटातल्या विस्तवाचं मला काही कळत नाही. माणूस जेवला, एवढं मी पाहिलं.

जेवून हात पुसत तो म्हणाला, "आता बरं वाटतंय. मुलाला सांगतो तिकिटं काढायला. गावी जाऊन येऊ. भाभीच्या हातचं बांगड्याचं सालन खाऊन किती दिवस झाले."

मी उठले, मुलाच्या खोलीतून बर्फाच्या पाण्याची बाटली आणली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. "गावीच जायचं तर कढण कशाला? हेच प्या."

त्याने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"राहू दे," म्हणाला. "बांगडा इथेही मिळतो."

दुसऱ्या दिवशी मी फरवानियाच्या बाजारातून बांगडे आणले. सालनाचा रस्सा जावेसारखा झाला नाही. त्याने भात परत मागितला.