पोराला ठेवायला कुठला शब्द?

“अरे तम्मा, एक ओळ लिहायला दोन तास लागतात होय रे?” धारवाडच्या सप्तापुरातली आमची शेजारीण, मला धाकटा भाऊ मानणारी अक्का, ओरडत होती.

आज ट्रंकेतून ती इंग्रजी-जपानी डिक्शनरी काढली, डांबरगोळ्यांचा वास आला आणि तो आवाज पुन्हा कानात शिरला. कारवारला बुडणाऱ्या जपानी कप्तानाला मी वाचवलं आणि त्यानं मला आपली भाषा शिकवली, ही माझी थाप तेव्हा धारवाडभर फिरली होती. अशात अक्काचा एकुलता एक लेक जपानात दवाखान्यात पडला. त्याच्या तिथल्या घरमालकिणीला अक्काला माझ्याकडून जपानीत एवढंच कळवायचं होतं, “माझ्या पोराला नीट ठेव.”

मी डिक्शनरीत ‘कीप’ काढला. समोर मारुतीच्या शेपटीएवढी यादी! जनावर ठेवायला एक शब्द, वचन राखायला दुसरा, परक्याची वस्तू सांभाळायला तिसरा. पोराला ठेवायला कुठला? शेवटी सगळ्यांत रुबाबदार दिसला तो उतरवला आणि छाती फुगवून म्हटलं, “झकास!”

पत्राला उत्तर आलं नाही. महिन्यानं तार आली, पोरगा गेल्याची.

वर्षभरानं मी कबूल केलं, “अक्का, मला जपानी येत नव्हतं.”

“ठाऊक होतं,” तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली. “लिहायला दुसरं कोण होतं?”