यमुनाबाईंचे शून्य तारे

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढली नाही — घरीसुद्धा नाही. तुमच्याजवळ हसत हसत सांगतो, कारण अर्धी तरी खरंच हसण्यासारखी आहे.

चंद्रपुरात आम्ही शाळांसाठी व्हीआर खेळ बनवतो. डोळ्यांवर तो डबा चढवला की पोर थेट जंगलात. एका खेळात पहाटे मोहफुलं वेचायची, आणि झाडाखाली अस्वल आलं तर काय करायचं ते शिकायचं. माझा एक लाडका नियम — खेळणारा दहा सेकंदही रिकामा बसता कामा नये. म्हणून अस्वलाची नजर चुकवून फुलं उचलली की तारे. छानच होतं ना?

चाचणीला आमच्याकडे चहा करणाऱ्या यमुनाबाईंना बसवलं. गाव गडचिरोलीकडचं, उभा जन्म मोह वेचण्यात गेलेला. अस्वल दिसलं आणि बाईंनी फरशीवर बसकणच मारली. "हालू नोका कोनी," आम्हालाच दम. "त्याले खाऊ द्या. पोट भरलं का जाईल." वीस मिनिटं! सगळं ऑफिस चिडीचूप, तेही चहाविना. मी आतल्या आत हसून बेजार. पण माझं अस्वल जाणार कसं? जायचं मी त्याला शिकवलंच नव्हतं.

आणि तेव्हाच — हो, तेव्हाच मला कळलं होतं. त्या बरोबर होत्या, माझा खेळ चुकीचा होता. खऱ्या अस्वलाजवळ फुलं उचलायला गेलेलं पोर घरी परत येईलच असं नाही. पण खेळ बदलायचा म्हणजे महिनाभराचं काम, शिवाय माझा लाडका नियम सगळ्यांसमोर खोटा पडणार. मी अहवालात लिहिलं — 'वयामुळे खेळ समजला नाही.'

"मले किती तारे भेटले?" त्यांनी विचारलं. मशीन बिघडली, म्हणालो. बाई खूश. अजून सांगत फिरतात, यमुनाले पाहून अस्वलच बंद पडलं.

खेळ गावोगावच्या शाळांत गेला. परवा यमुनाबाई पेढे घेऊन आल्या. नातीला पैकीच्या पैकी तारे मिळाले होते. "अस्वलाच्या नाकाखालून फुलं आनली म्हनते," त्यांचा चेहरा नुसता फुललेला. "आता मोह वेचाले माह्यासंगं रानात येते म्हनते."

मी पेढा तोंडात टाकला आणि म्हणालो, "हुशार आहे पोरगी."