जुन्या टॅबमधला नवा आवाज

बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात ज्याची सगळी नोकरी गेली, त्या माणसाला लोक भोंगेबुवा म्हणू लागले यात नवल नव्हतं. स्टँडच्या मधोमध काचेची एक खोली, पुढ्यात माईक, शेजारी निवून गेलेला चहा आणि समोर धुरकट फलाट. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं," एवढं त्यांनी म्हटलं की भांडणारे भांडण थांबवत आणि रडणारी मुलं मान वर करून बघत. आवाज खर्जातला, भरदार, घाई नसलेला. गाडी रद्द झाल्याचंही ते अशा सुरात सांगत, की लोक चिडायचं विसरून जात.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज मात्र गेला. भोंगेबुवांचाच आवाज जावा, याची लोकांना फार हळहळ वाटली. ते स्वतः मात्र या गोष्टीकडे जरा लांबून बघत. सकाळी जाग आल्यावर अजूनही त्यांच्या ओठांवर एखादं वाक्य तयार असे. ते बाहेर पडत नसे, पण विरूनही जात नसे. खोलीत तरंगत राही, उन्हातल्या धुळीसारखं.

मुलीनं त्यांना टॅब आणून दिला होता. त्यातल्या अॅपमध्ये लिहायचं आणि बटण दाबायचं, की टॅब मोठ्यानं बोले. त्यातला पुरुषाचा आवाज सपाट होता, नोटीस वाचून दाखवल्यासारखा. बायकोनं पहिल्या दिवशीच त्याला 'पाहुणे' म्हणायला सुरुवात केली. "पाहुणे काय म्हणतायत? भाजीत मीठ कमी आहे?" पाहुण्यांना रागावताच येत नसे. 'मला फार राग आला आहे' आणि 'दाराशी कुणीतरी आलं आहे' ही दोन्ही वाक्यं ते एकाच सुरात म्हणत. त्यामुळे घरातलं कुठलंच भांडण धड पेट घेत नसे. बायको पदर तोंडाशी धरून हसत सुटे आणि बुवांचा राग हवेत जाई. अशी काही वर्षं गेली आणि पाहुणे घरचेच होऊन बसले.

मग एका सकाळी पाहुणे बोलेनात. बुवांनी अॅप उघडलं, तर पडद्यावर लिहून आलं, की हे अॅप आता या जुन्या सिस्टिमवर चालणार नाही, कृपया नवी घ्यावी. ते सेटिंगमध्ये गेले. तिथे लिहिलेलं, की तुमची सिस्टिम अगदी ताजी आहे, काही करण्याची गरज नाही. बुवांनी दोन्ही मजकूर बायकोला दाखवले.

"म्हणजे सरकारी कामच झालं की," ती म्हणाली. "हा म्हणतो तिकडे जा, तो म्हणतो इकडे या."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. टॅब बनवणाऱ्या कंपनीनं या मॉडेलकडे केव्हाच पाठ फिरवली होती, हे तिनं फोनच्या स्पीकरवरून दोघांनाही समजावून सांगितलं. "नवा घेऊन टाकू या ना, बाबा. जुन्याला किती दिवस कवटाळून बसणार?"

शेजारणीकडे नवा टॅब होता. बुवा जाऊन तो बघून आले. पातळ, चकचकीत, देखणा. पण त्याचा आवाज कडेच्या बारीक भोकांतून निघून टेबलाकडे जात होता. त्यांच्या जुन्या टॅबचे स्पीकर मात्र पडद्याच्या दोन्ही बाजूंना, थेट समोर तोंड करून होते. आयुष्यभर भोंग्याची दिशा सांभाळलेल्या माणसाला हा फरक साधा वाटेना. बोलणं समोरच्याच्या तोंडावर जायला हवं. त्यांनी शेजारणीला हात जोडले आणि नुसतीच मान हलवत परत आले.

मधल्या दिवसांत घर विचित्र शांत झालं. बुवा चिठ्ठ्या लिहीत, पण त्या वाचायचा चष्मा बायकोला ऐन वेळी सापडत नसे. ते टाळी वाजवून तिला हाक मारत. "मी काय कबुतर आहे टाळीनं उडायला?" ती आतून ओरडे आणि तरी हात पुसत बाहेर येई. पण हळूहळू तिचंही बोलणं अर्ध्यावर थांबू लागलं. ती वाक्य सुरू करी, उत्तराची वाट बघे आणि मग खिडकीबाहेर बघत बसे. दुपारी दोघं समोरासमोर बसत तेव्हा भिंतीपलीकडून पाण्याची टाकी भरत आल्याचा आवाज ऐकू येई. या घरात असे आवाज आहेत, हे त्यांना माहीतच नव्हतं.

बुवांना मुलीच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक मंडळी सापडली. कंपन्यांनी सोडून दिलेल्या यंत्रांसाठी ही हौशी माणसं घरबसल्या नवी सिस्टिम तयार करत. एकमेकांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. बुवांच्या टॅबसाठी सिस्टिम बनवणाऱ्यानं स्वतःचं नाव 'घुबड' ठेवलं होतं. बुवांनी त्याला आपली अडचण लिहिली. घुबडानं उत्तर दिलं, 'होईल. पण सूचना शेवटपर्यंत वाचा. मध्येच घाई केलीत तर टॅब कायमचा झोपेल.'

सूचना वाचण्यात बुवांचा हात कोण धरणार? त्यांनी सगळ्या सूचना मनातल्या मनात घोषणेसारख्या म्हणून पाहिल्या. आधी फोटो कॉम्प्युटरवर काढून घ्यावेत. मग टॅबचं आतलं कुलूप उघडावं. मग एक छोटी मदतनीस प्रणाली आत सोडावी. तिच्यातून जुनं पुसावं आणि नवं भरावं. म्हणताना त्यांना वाटलं, ही एखाद्या लांबच्या गाडीच्या थांब्यांची नावं आहेत.

"आणि बिघडला तर?" बायकोनं विचारलं.

बुवांनी खांदे उडवले.

"खरंय," तीच पुढे म्हणाली, "आता तरी कुठे बोलतोय." हल्ली ती त्यांची उत्तरंही स्वतःच देऊ लागली होती आणि ती बहुतेक वेळा बरोबर असत.

दुपारची जेवणं उरकल्यावर बुवा कामाला बसले. पडदे ओढलेले, वायर कॉम्प्युटरला जोडलेली. पॉवर आणि आवाजाचं बटण एकदम दाबून धरायचं होतं. त्यांनी ती दाबून धरली तसा टॅब काळा झाला आणि मग त्यावर बारीक पांढरी अक्षरं उमटली. कुलूप निघालं. मदतनीस आत गेली. नवी सिस्टिम भरायला लागली तेव्हा निळी पट्टी इतक्या संथपणे सरकत होती, की ती हलतेय की आपल्यालाच तसं वाटतंय, हे कळेना. बायको भिंतीला टेकून बसली आणि बसल्या बसल्या डुलकी काढू लागली.

पट्टी भरली. टॅब पुन्हा सुरू झाला. काळ्या पडद्यावर एक लहानसं पांढरं वर्तुळ आलं आणि स्वतःभोवती फिरू लागलं. 'पहिल्यांदा वेळ लागतो,' असं घुबडानं लिहिलंच होतं. बुवा बघत राहिले. वर्तुळ फिरत राहिलं. खिडकीच्या पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप जमिनीवरून चालत चालत खुर्चीच्या पायाशी आली आणि बुवांचे डोळे कधी मिटले, ते त्यांनाही कळलं नाही.

ते काचेच्या खोलीत होते. बाहेर धुकं होतं आणि धुक्यात सगळ्या गाड्या उभ्या, दिवे लावून, इंजिन बंद करून. फलाटावर माणसं गर्दी करून वर बघत होती. कुणाच्या हातात पिशवी नव्हती, कुणाला घाई नव्हती. बुवांनी माईक जवळ ओढला आणि काय सांगायचं ते आठवेना. गाडी कुठली? जायचं कुठे? तरी त्यांनी तोंड उघडलं, आणि आवाज आला. पण तो स्टँडवरचा नव्हता. हळू, किंचित चिरका, झोपेतून उठल्यासारखा कुणाचा तरी आवाज. एवढ्या हळू बोलूनही धुक्याच्या पार टोकाला उभ्या असलेल्या बाईनं मान डोलावली.

"अहो!" बायको खांदा हलवत होती. "हे अजून फिरतंच आहे. याला चक्कर येत नाही का?"

वर्तुळ फिरतच होतं. तिरीप भिंतीवर चढली होती. बुवांनी कॉम्प्युटरवर घुबडाला लिहिलं. उत्तर लगेच आलं, 'जुनं सगळं पुसलंत का?'

बुवांनी ओठ आवळले. तेवढी एक पायरी त्यांनी गाळली होती. चुकून नाही, जाणूनबुजून. फोटो तर काढून झाले होते, पण त्या टॅबच्या कीबोर्डला त्यांची सवय होती. 'अ' लिहिला की तो लगेच 'अगं' पुढे करी. 'चहा' लिहिलं, की पुढचे शब्द आधीच तयार ठेवी. इतक्या वर्षांत त्यांचं बोलणं ऐकून ऐकून शिकलेलं ते काहीतरी पुसून टाकायला त्यांचं मन धजलं नव्हतं. त्यांनी हे घुबडाला लिहिलं. लिहिताना थोडी लाजही वाटली.

घुबडाचं उत्तर यायला या वेळी वेळ लागला. 'समजलं,' त्यानं लिहिलं. 'पण जुन्या आठवणी नव्या सिस्टिमला वाचता येत नाहीत. म्हणून ती दारातच अडकली आहे. पुसावं लागेल. शिकवणं तुमच्या हातात आहे, पुन्हा शिकेल.'

बुवांनी पुन्हा दोन्ही बटणं दाबली. मदतनीस आली. पुसण्याचं बटण दाबलं, तर तिनं पडद्यावर एक चौकट उघडली. नुसतं बोट टेकवून चालणार नव्हतं. खात्री असेल तर इंग्रजीत 'येस' हा शब्द स्वतः लिहा, असं ती म्हणत होती. बुवांनी बायकोकडे पाहिलं.

"लिहा की," ती म्हणाली. "मी आहे ना, विसरलात तर सांगायला."

त्यांनी एकेक अक्षर सावकाश लिहिलं.

या वेळी वर्तुळ थोडंच फिरलं. मग पडदा उजळला आणि त्यावर स्वच्छ, मोकळं अंगण झाडून ठेवावं तसं काहीच नसलेलं एक पान आलं. बायकोनं टाळी वाजवली. "आता मी कबुतर उडवते," ती म्हणाली.

अॅप निमूटपणे बसलं. बुवांनी 'अ' लिहिला, तर कीबोर्डनं 'अध्यक्ष' पुढे केला. दोघंही पोट धरून हसली. बुवांच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग त्यांनी 'अगं' पूर्ण लिहिलं आणि बटण दाबलं.

आवाज आला तसं बायकोचं हसणं थांबलं. पाहुणे गेले होते. नवीन आवाज माणसाचा होता, श्वास घेऊन बोलणारा. तिनं नकळत पदर सारखा केला आणि दाराकडे पाहिलं, खरंच कुणी आलंय की काय म्हणून.

नव्या सिस्टिममध्ये निवडायला बरेच आवाज होते. बुवा एकेक लावून बघू लागले. एक होता तो औषधाच्या जाहिरातीतल्यासारखा. एक बाईचा, तो लागल्यावर बायको म्हणाली, "नको, घरात एक पुरे." आणि मग एक असा लागला की बुवांचे हात जागच्या जागी थांबले. खर्जातला, भरदार, घाई नसलेला. त्यांनी लिहिलं, 'प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं,' आणि खोली त्या आवाजानं भरली. बुवांच्या अंगावर काटा आला. भरल्या डोळ्यांनी त्यांनी बायकोकडे पाहिलं, हाच ना?

तिनं टॅबकडे पाहिलं, बुवांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "हा स्टँडवरचा माणूस आहे."

बुवांनी भुवया उंचावल्या.

"घरात तुम्ही असं कधी बोललात? तिकडे सगळा आवाज वापरून यायचात. घरी आलात की उरलेला, हळू. अर्धं तर मी जवळ येऊनच ऐकायचे." ती टॅबकडे वाकली. "तो मघाचा लावा. दुसरा की तिसरा. जरा रडका होता तो."

तो आवाज किंचित चिरका होता. बुवांनी त्याचा वेग कमी केला, मग अजून कमी. बायको डोळे मिटून ऐकत होती आणि हातानं खुणा करत होती, थोडं खाली, थोडं अजून. एका जागी तिचा हात थांबला. बुवांना हा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला, पण आपलं घरातलं बोलणं माणसाला स्वतःला कुठे आठवतं? त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला.

घुबडाला त्यांनी आभाराचं लांबलचक लिहिलं. त्यानं उत्तरादाखल एक पंख हलवणारं चित्र पाठवलं.

दिवेलागणीला मुलीचा फोन आला. बायकोनं मुद्दाम काही सांगितलं नाही, नुसता फोन टॅबशेजारी ठेवला. बुवांनी लिहून बटण दाबलं, "काय गं, कशी आहेस?"

"बरी आहे," मुलगी म्हणाली. "बाबा, आत्ता झोपेतून उठलात का?"

आणि मग पलीकडे एकदम शांतता झाली. बायकोनं तोंडावर हात दाबून धरला. मुलीचा श्वास ऐकू येत होता.

"बाबा?" तिनं पुन्हा विचारलं, आता वेगळ्या स्वरात.

"हो. बोल," टॅब म्हणाला.

ती बोलायला लागली. घरातला नळ, नवऱ्याची बदली, कामावरच्या बाईंनी सगळ्यांसमोर काढलेलं खुसपट, सगळं एकात एक गुंतलेलं. इतकं सगळं तिनं कित्येक महिन्यांत सांगितलं नव्हतं. बुवांना एक नवाच शोध लागला होता. या आवाजाला 'हं' म्हणता येत होतं. ते मधूनमधून बटण दाबत, "हं. हं." एकदा चुकीच्या जागी दाबलं तेव्हा बायकोनं चिमटा काढला. "आत्ता नाही, आत्ता ती वाईट वाटल्याचं सांगतेय," ती कुजबुजली.

बुवांनी घाईघाईनं 'अरेरे' लिहिलं. नव्या आवाजानं ते इतक्या कळवळ्यानं म्हटलं, की मुलगी बोलता बोलता थबकली.

"बाबा," ती म्हणाली, "एवढंही काही झालेलं नाही."