हात वर करून राह्यला

आमची पोस्ट साडेसहा हजार फुटांवर होती. खाली नाला, समोर देवदाराचं जंगल, मागे उभा चढ. सकाळी साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारांसह आपापल्या मोर्च्यात, सातला चहा, आठला रोड ओपनिंग, म्हणजे गाड्यांचा काफिला जाण्याआधी रस्ता पायी तपासायचा. संध्याकाळी पुन्हा स्टँड-टू. सिनेमातला फौजी सतत गोळ्या झाडत असतो. मी सत्तावीस वर्षांच्या नोकरीतला बराचसा वेळ रस्त्याकडेला पडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यांकडे संशयाने पाहण्यात घालवला.

तेव्हा मी हवालदार होतो. पुढे सुभेदार होऊन निवृत्त झालो आणि पिंपळगाव राजाला परत आलो, तर गावाने मला मेजर केलं. आमच्याकडे फौजेतून परतलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. सरकारला जे सत्तावीस वर्षांत जमलं नाही ते गावाने बस स्टँडवर एका मिनिटात उरकलं.

लान्स नाईक भास्कर इंगळे माझ्याच गावचा. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, एकाच कंपनीत. ट्रेनिंग सेंटरमधली त्याची एक गोष्ट सगळ्या कंपनीला पाठ होती. कवायत घेणारे उस्ताद कोल्हापूरकडचे. सगळे मैदानात उभे आणि हा बराकीत बूट बांधत बसलेला.

"इंगळे, कुठं आहेस?"

"येऊन राह्यलो, उस्ताद!"

"येऊन राहिलास तर दिसत का नाहीस?"

"येऊनच तं राह्यलो न!"

उस्तादांना वाटलं, पोरगं थट्टा करतंय. रायफल डोक्यावर धरून मैदानाच्या पाच फेऱ्या. वऱ्हाडात 'येऊन राह्यलो' म्हणजे येतो आहे, अजून पोचायचं आहे. सातारा-कोल्हापूरच्या कानाला ते 'आलो आणि थांबलो' असं ऐकू येतं. आम्ही यावर वर्षानुवर्षं हसलो. कोणालाही त्यात हसण्यापलीकडे काही दिसलं नाही. मलाही नाही.

ऑपरेशनमध्ये वायरलेस सेटवर मराठी बोलायची आमच्या कंपनीची पद्धत होती. समोरच्या मंडळींकडेही सेट असायचे आणि त्यांना हिंदी कळायचं, मराठी नाही. कुठली मराठी बोलायची, हे मात्र स्टँडिंग ऑर्डरमध्ये नव्हतं. त्यात बुटाची लेस कशी बांधायची हे होतं.

त्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कॉर्डन, म्हणजे वेढा, पूर्ण झाला. गावाच्या टोकाला एक लाकडी घर, खाली जनावरं, वर माणसं. साडेआठपर्यंत घरातलं कुटुंब बाहेर काढलं. आत एक माणूस उरला होता. त्याने नऊच्या सुमारास पहिली गोळी झाडली. कॅप्टन साहेब आठ जणांना घेऊन घराच्या बाजूच्या दगडी बांधामागे होते. भास्कर त्या आठांत होता. त्यांचा सेट शिपाई शिंदेकडे होता, साताऱ्याचा, चांगला पोरगा. बांधामागून त्यांना वरची खिडकी दिसत नव्हती. ती मला दिसत होती. मी समोरच्या चढावर होतो, एका हातात दुर्बीण, एका हातात सेट. रायफल मांडीवर. सेटवर बांधामागची तुकडी 'एक' होती, मी 'दोन'.

अकरा वाजून वीस मिनिटांनी खिडकीच्या चौकटीत माणूस उभा राहिला. त्याचा उजवा हात खांद्यामागून वर जाऊ लागला. मुठीत ग्रेनेड होता.

"एक, दोन बोलतोय. खिडकीत माणूस."

"काय करतोय? ओव्हर."

"हात वर करून राह्यला! हात वर करून राह्यला!"

तो क्षणभर थांबला आणि चौकटीतून मागे सरकला. बांधामागचा नेम धरत असावा. 'ग्रेनेड' हा एक शब्द बोलायला मी बटण दाबलं, पण सेटवर शिंदेचा आवाज सुरू झाला होता. सेटवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. शिंदे म्हणत होता, "रॉजर, हात वर करून राहिलाय. सरेंडर. रॉजर." मग बांधामागून कॅप्टन साहेबांचा आवाज थेट ऐकू आला. "फायर बंद. दोन आदमी आगे."

भास्कर पहिला उभा राहिला.

भास्करने माझं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलं असतं, तर तो जागच्या जागी आडवा झाला असता. त्याच्यापर्यंत माझे शब्द साताऱ्याहून गेले.

ग्रेनेड बांध आणि घर यांच्यामध्ये फुटला. खिडकीतल्या माणसाने मागच्या बाजूने उडी टाकली, त्याच्या मांडीतून गोळी आरपार गेली आणि अकरा चौतीसला तो सापडला. मी खाली पोचलो तेव्हा भास्कर संपला होता. कॅप्टन साहेब एवढंच म्हणाले, "जिंदा चाहिए." मी माझ्या खिशातली फील्ड ड्रेसिंग काढली आणि त्या माणसाच्या मांडीला आवळून बांधली. तो पाणी मागत होता. मी दिलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. ऑर्डर होती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. क्लार्कने माझं वाक्य हिंदीत उतरवलं, "हाथ ऊपर किए रहा." तिथून ते सायटेशनमध्ये, म्हणजे भास्करच्या गौरवपत्रात, गेलं तेव्हा त्याला आणखी मांस चढलं. 'आत्मसमर्पणाचा बहाणा करून विश्वासघाताने हल्ला.' मी वाचलं. खाली सही केली. पुढे खटला चालला. मला कोर्टात दोनच प्रश्न विचारले. हाच तो माणूस का? ग्रेनेड यानेच टाकला का? दोन्हींना मी हो म्हणालो, आणि दोन्ही खरं होतं. तिसरा प्रश्न, त्याने खरंच शरण यायला हात वर केले होते का, कोणी विचारला नाही. मीही आठवण करून दिली नाही. त्याला जन्मठेप झाली.

निवृत्तीनंतर मी खामगावच्या वाचनालयातून युद्धावरची बरीच पुस्तकं आणली. लिहिणारे बहुतेक जनरल होते आणि सगळे बरोबर होते. चूक नेहमी दुसऱ्याच्या पानावर असायची. वाचून मला बरं वाटेल असं वाटलं होतं.

यंदा उन्हाळ्यात बातमी आली. तो तुरुंगात आहे, कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे, डॉक्टरांनी काही आठवडे दिलेत. घरी मरू द्या, असा त्याच्या बहिणीचा अर्ज आहे आणि सरकार विचार करतंय. टीव्हीवर एका चौकोनात सहा माणसं ओरडू लागली. त्यांतला एकही कधी साडेसहा हजार फुटांवर गेलेला दिसत नव्हता, निदान पायी तरी नाही.

आमच्या बस स्टँडच्या हॉटेलातली चर्चा त्यापेक्षा बरी होती, कारण मधूनमधून चहा प्यायला थांबावं लागे.

"मरूनच राह्यला न तो," केस कापणारा संतोष म्हणाला. "मंग घरी मरो, नाई तं जेलात. आपल्याले काय फरक पडते?"

"भास्करले भेटलं का बे घरी मराले?" कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

"तसं नाई म्हणत मी."

"मंग कसं म्हणतं?"

 मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. "मेजर, तुमी सांगा. तुमी होते तिथं."

मी चहा संपवला आणि उठलो.

दोन दिवसांनी वानखडे गुरुजी त्याला सोडू नये असं निवेदन घेऊन घरी आले. हायस्कूलमधून निवृत्त झालेले, मनाने चांगले, विशेषणांच्या बाबतीत हात सैल. निवेदन तहसीलदारांना द्यायचं होतं. हजारो किलोमीटरवरच्या तुरुंगाशी आमच्या तहसीलदारांचा संबंध काय, हे कोणी विचारलं नाही. निवेदन तहसीलदारांनाच द्यायचं असतं. गुरुजींनी मोठ्याने वाचून दाखवलं.

"'ज्या नराधमाने शरणागतीचे दोन्ही हात उंचावून, आमच्या शूर सुपुत्राच्या माणुसकीचा गळा घोटला, त्यास माणुसकी मागण्याचा अधिकार नाही.' कसं वाटतं, मेजर?"

"दोन्ही हात कुठून आले, गुरुजी?"

"आता शरणागती म्हटल्यावर एका हाताची थोडीच असते?"

त्यांचं बरोबर होतं. निवेदनाचा सगळा भार त्या एका वाक्यावर होता. संतोषसारखे जे घुटमळत होते तेही या वाक्यापाशी आले की होकारार्थी मान हलवत. सभा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला. पहिली सही माझी, प्रत्यक्ष साक्षीदार म्हणून. दुसरी भास्करच्या बायकोची, सुनंदा वहिनींची. ज्या माणसाला मी स्वतःच्या ड्रेसिंगने जगवलं होतं, त्याने कुठे मरावं याच्यावर आता माझी सही हवी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी वहिनींकडे गेलो. त्या अंगणवाडीतून नुकत्याच आल्या होत्या. ओसरीत सुपात तूर निवडत होत्या.

"या, भाऊजी. सहीसाठी आले का? गुरुजी म्हणे पाचले."

"नाही. एक सांगायचं आहे. वीस वर्षं उशीर झाला."

मी जसं रिपोर्टमध्ये सांगतात तसं सांगितलं. वेळ, जागा, कोण कुठे होतं. खिडकी मला दिसत होती. त्याने शरण यायला हात वर केले नव्हते. ग्रेनेड टाकायला एक हात उचलला होता. मी सेटवर बोललो आणि ते तिकडे उलटं पोचलं.

त्यांचा हात सुपातच थांबला. "काय बोलले होते तुमी?"

"हात वर करून राह्यला."

त्यांनी ते मनात एकदा म्हणून पाहिलं असावं. "मंग बरोबरच तं बोलले."

वीस वर्षांत मला कोणी बरोबर म्हटलेलं ते पहिलंच वाक्य, आणि ते मला सहन झालं नाही. मी समजावून सांगितलं, की शिंदेला त्याचा अर्थ हात वर करून उभा आहे असा लागला. त्याच्याकडे तसंच बोलतात. त्या ऐकत राहिल्या. बाहेरून ट्रॅक्टर गेला.

"म्हणजे त्यानं फसवलं नाई."

"नाही. मारलं त्यानेच. फसवलं नाही."

"मी रोज शिव्या देल्या त्याले," वहिनी म्हणाल्या. "मारलं म्हून नाई, भाऊजी. फौजेत गेल्यावर मराचं असतेच, हे यायनं मले लग्नातच सांगतलं होतं. हात वर करून मारलं, म्हून देल्या. पोरीलेही तेच शिकवलं, की कोनी हात वर केला तरी भरोसा करू नोको." त्यांनी सुपातला एक खडा बाहेर टाकला. "आता शिव्या कोनाले देऊ? तुमाले?"

"द्या."

त्यांनी दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवलो असतो. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि आत गेल्या. मी थोडा वेळ बसलो आणि निघालो.

पाचला ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये दीडशे माणसं होती. माईक होता, हार होते, फ्लेक्सवर भास्करपेक्षा सरपंचांचा फोटो मोठा होता. माझं नाव पुकारलं. मी माईक बाजूला केला आणि जे दुपारी सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. तीन मिनिटं लागली.

पहिला आवाज मागून आला. "येवढे वर्ष काऊन चूप होते, मेजर?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं. मी दिलं. "भीती वाटली."

गलका झाला. कोणी म्हणालं, मेजर फितूर झाले. कोणी म्हणालं, म्हातारपण. गुरुजींचा चेहरा खरोखर दुखावलेला होता. ते हळूच म्हणाले, "पण मग निवेदनात राहिलं काय?" सरपंच घड्याळ पाहून म्हणाले, "आता नवीन टाइप कराले वेळ नाई. तहसीलदार सायेब सहाले निघतात. त्या एका वाक्यानं काय होते? मारलं तं मारलंच न त्यानं."

वहिनी मागच्या दारात उभ्या होत्या. कधी आल्या ते मी पाहिलं नव्हतं. त्या टेबलापाशी आल्या, गुरुजींच्या खिशातला पेन मागून घेतला आणि ते वाक्य खोडलं. एका रेघेने नाही. अक्षर दिसेनासं होईपर्यंत.

"जे केलं त्याची सजा भोगो तो," त्या म्हणाल्या. "जे नाई केलं ते त्याच्या माथी कायले?"

सरपंच म्हणाले, "मंग ताई, सोडा म्हणता का त्याले?"

"सोडा मले म्हणवत नाई."

आणि उरलेल्या निवेदनाखाली त्यांनी सही केली. मी केली नाही. त्यांच्या आणि माझ्या मतात फरक होता असं नाही. मला मतच सापडत नव्हतं. मी एका पानाचं वेगळं पत्र लिहिलं, वेळांसकट, आणि ते जिथे निर्णय होणार होता तिथे रजिस्टर पोस्टाने पाठवलं. त्यात सोडा किंवा सोडू नका असं काही नाही. एवढंच लिहिलं, की शिक्षा त्याने केलेल्या गोष्टीची मोजावी. त्यात जास्तीचं जे आहे ते माझं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंदेला फोन केला. तो आता साताऱ्याजवळ एका साखर कारखान्यात सुरक्षारक्षक आहे. पेपरात वाचण्याआधी त्याला माझ्याकडून कळायला हवं होतं.

"म्हंजे सर, मी चुकीचं ऐकलं?"

"तू बरोबर ऐकलंस. मी बरोबर बोललो."

"मग?"

"मग भास्कर गेला."

 तो म्हणाला, "सर, आठवड्यानं परत फोन करा. कराच." मी करतो. दर रविवारी. आम्ही ऊस आणि गुडघेदुखीवर बोलतो.

हे लिहीपर्यंत निर्णय आलेला नाही. तो माणूस जिवंत आहे की नाही हे मला ठाऊक नाही. हॉटेलात मी गेलो की विषय बदलतो. संतोष मात्र केस कापताना एकदा म्हणाला, "मेजर, मले तं आता जास्तच समजेनासं झालं." मी म्हणालो, मलाही.

शाळेसमोर भास्करचा चबुतरा आहे. त्यावर 'शत्रूच्या विश्वासघाताने वीरमरण' असं कोरलेलं होतं. गेल्या महिन्यात वहिनींनी पाथरवट बोलावला आणि ती ओळ तासून घेतली. कोणाची परवानगी घेतली नाही आणि कोणी अडवलंही नाही. त्या जागी काय कोरायचं, असं पाथरवटाने विचारलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, फक्त वेळ. अकरा वाजून वीस मिनिटं.

लान्स नाईक भास्कर इंगळे, वय सव्वीस. तो फसला नाही. आम्ही उभं राहा म्हणालो, म्हणून तो उभा राहिला.