फोटोसीन

आनंदा घाडी जिवंत असताना त्यांच्या फोटोवर तीनशे बारा भाग चंदनाचा हार होता, आणि तो हार चढवणारा दुसरातिसरा कुणी नसून त्यांचाच मुलगा होता. लालबागच्या त्यांच्या चाळीत यावरून वर्षभर पुरेल एवढी करमणूक झाली. एकटी शेवंतीबाई, त्यांची बायको, तेवढी कधी हसली नाही.

मुलगा म्हणजे स्वप्नील. मराठी मालिकांचे संवाद लिहितो. गोष्ट चॅनेलवाले ठरवतात, पटकथा आणखी कुणी लिहितं, आणि पात्रांच्या तोंडी शब्द घालायचं काम याच्याकडे येतं. कॉलेजात एकांकिका केल्या, मग एका मोठ्या लेखकाच्या हाताखाली सहा वर्षं नाव न लागता लिहिलं, मग कुठे स्वतःच्या नावावर चार मालिका झाल्या. मध्ये एक सिनेमाही लिहून झाला. तो दादरच्या थिएटरात एक आठवडा टिकला आणि त्या आठवड्यात त्याच्या बापाने तो चार वेळा पाहिला. तिसऱ्या खेपेला आत सगळी मिळून नऊ माणसं होती. त्यातला एक म्हातारा पडद्यावरच्या नटाच्या आधीच वाक्यं पुटपुटतो, अशी शेजारच्या बाईने डोअरकीपरकडे तक्रार केली.

ती पुटपुटायची सवय जुनी होती. आनंदा घाडींना घरीदारी सगळे भाऊ म्हणत, स्वप्नीलसुद्धा. भाऊ मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते आणि संध्याकाळी मिलच्या नाटक मंडळात. नट व्हायची त्यांना भारी हौस. पण माणसांसमोर उभं राहिलं की यांची दातखीळ बसायची. एकदा प्रेताचं काम दिलं तर नेमके शिंकले. शेवटी मंडळाने हात टेकले आणि त्यांना वही देऊन विंगेत उभं केलं. तिथे मात्र भाऊंसारखा प्रॉम्प्टर सबंध गिरणगावात नव्हता. नट अडखळला की ते फक्त पहिला शब्द द्यायचे, तोही असा की पहिल्या रांगेला ऐकू जाऊ नये. "अख्खा वाक्य दिला की माणूस आंधळो होता," ते लहानग्या स्वप्नीलला सांगत. "एक शब्द देवचो आणि गप ऱ्हवाचा. पुढचा त्येका येता."

स्वप्नील लिहायला शिकला तो तिथे, विंगेत, भाऊंच्या पायाशी बसून.

आता हाराची गोष्ट. स्वप्नीलच्या नव्या मालिकेतल्या नायिकेचा, ईश्वरीचा, बाप वारलेला होता. शाळामास्तर. पहिल्या भागाच्या शूटिंगच्या आदल्या दिवशी लक्षात आलं की भिंतीवर लावायला बापाचा फोटोच नाही. चॅनेलच्या सुरुचीने, म्हणजे मालिका जिच्या हाताखाली चालायची त्या बाईने, फर्मान काढलं, की साधासा मास्तरी चेहरा आणा, पण नट नको. स्वप्नीलने सहज म्हणून भाऊंना फोन लावला.

"मेलेलो माणूस काय मी?" भाऊंनी विचारलं. "डायलॉग नाय मा? मग चलात."

त्याच दुपारी त्यांनी घरातला एकुलता एक बरा फोटो भिंतीवरून उतरवला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि स्वतः दादरला नेऊन दिला. लालबागच्या स्टुडिओत काढलेला, कोट घातलेला फोटो. कोट स्टुडिओचा होता.

शेवंतीबाईने मुलाला फोनवर सोलून काढला. "जित्या घोवाच्या फोटोक हार? मेल्या, डोक्यार पडलंस काय?" तिने भाऊंची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, देवाला गाऱ्हाणं घातलं, आठवडाभर मुलाशी बोलली नाही. भाऊ मात्र रोज संध्याकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीपुढे बसू लागले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा रोजचं काम मिळालं होतं, आणि शिंकायची भीती नव्हती.

मालिकेच्या धंद्यात फोटोसीन नावाची एक सोय असते. कुणी नट आजारी पडला, कुणाच्या तारखा मिळाल्या नाहीत, भाग तीन मिनिटांनी कमी पडला, की नायिकेला मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर उभी करायची आणि बोलती करायची. एक नटी, एक भिंत, अर्ध्या तासात काम फत्ते. आठवड्याला एक तरी फोटोसीन स्वप्नीलच्या वाट्याला यायचा. सुरुवातीला तो ते गिरणीतून दळण काढावं तसे काढायचा. बाबा, आज तुम्ही हवे होतात. बाबा, मला आशीर्वाद द्या. ठरलेलं पीठ.

मग एकदा सकाळी दहाला सीन द्यायचा होता आणि साडेनऊपर्यंत डोकं कोरं होतं. तेव्हा त्याच्या हातून भलतंच काहीतरी लिहून गेलं.

तो आठवीत होता. संपानंतर मिल गेली ती गेलीच, आणि भाऊ दादरला एका सोसायटीच्या फाटकावर वॉचमन म्हणून उभे राहायला लागले. एका दुपारी स्वप्नील शाळेतल्या मित्रांबरोबर त्याच रस्त्याने चालला होता. समोर खाकी कपड्यात, मोठ्या मापाची टोपी घालून भाऊ. त्याने रस्ता ओलांडला. वर मित्रांशी मोठमोठ्याने बोलू लागला. त्यावर घरात कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता.

तीस वर्षांनी त्याने ते ईश्वरीच्या तोंडी घातलं. "बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला बघितलं होतं. बघून न बघितल्यासारखं केलं. मला लाज वाटली होती. आज त्या लाजेची लाज वाटते."

सुरुचीला सीन आवडला. तो लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊंचा फोन आला.

"काल चेडू बरा बोलला," भाऊ म्हणाले. "फक्त घाई केल्यान. 'बघितलं होतं' म्हटल्यार जरा थांबूक होया होता."

"सांगतो तिला."

"सांग. त्या थांबण्यातच सगळा असता." आणि मग जरा वेळाने, "जेवलंस?"

बस, एवढंच. पण त्या दिवसापासून बापलेकांचं खरं बोलणं आठवड्यातून एकदा, संध्याकाळी सातला, त्या भिंतीपाशी होऊ लागलं. कधी न मागितलेली माफी, कधी न म्हटलेलं 'बरं वाटलं', लहानपणीचा राग, सगळं ईश्वरीच्या तोंडून जायचं. उत्तर दुसऱ्या दिवशी फोनवर यायचं, ते प्रॉम्प्टरच्या भाषेत. इथे आवाज पडला. इथे शब्द जास्त झाले. इथे बरोबर थांबली. स्वप्नीलला ही सोय इतकी मानवली की लालबागला जाणं हळूहळू कमी झालं. तो राहायचा गिरगावात, फणसवाडीत, बायकोच्या माहेरच्या जागेत. तिथून लालबाग बसने अर्धा तास. एवढा अर्धा तास त्याला सापडेना, आणि सापडत नाही याचं त्याला फारसं वाईटही वाटेना. आपण तर दर आठवड्याला भेटतोच, असं तो धरून चालला होता.

वर्ष व्हायला आलं तसे मालिकेचे आकडे पडले. सुरुचीने मीटिंग घेतली. ईश्वरीचं लग्न लावायचं, तिला सासरच्या बंगल्यात न्यायचं, जुनं घर मोडायचं. घर गेलं म्हणजे भिंत गेली, आणि भिंतीवरचा बापही. शेवटचा फोटोसीन तेवढा जोरदार हवा होता.

त्याच आठवड्यात भाऊंना परळच्या हॉस्पिटलात ठेवलं. कापसाच्या धुळीने छाती कधीचीच निकामी झाली होती. आता श्वास पुरेना. पहिल्या दिवशी स्वप्नील जाऊन आला. भिंत जाणार हे त्याने सांगितलं. नाकावरचा मास्क बाजूला करून भाऊंनी विचारलं, "निरोपाचो सीन कधी?"

"गुरुवारी लागेल."

"चांगलो लिही." मास्क परत नाकावर गेला.

आणि तो लिहायला बसला. मन लावून, जीव ओतून, गेल्या वीस वर्षांत लिहिलं नव्हतं असं. रविवार गेला, सोमवार गेला. बायको नूपुर दोनदा म्हणाली, "अरे, आधी जाऊन ये ना त्यांच्याकडे." तो चिडला. "मग हे कुणासाठी चाललंय? त्यांच्यासाठीच लिहितोय ना?" खरंच तसंच वाटत होतं त्याला.

मंगळवारी सीन शूट झाला. बुधवारी शेवंतीबाईचा फोन आला. "भाऊ इचारतत, झील कधी येतलो?"

"आई, उद्या सातला त्यांना एपिसोड दाखव. मोबाइलवर लाव. मला जे बोलायचंय ते सगळं त्यात आहे. शुक्रवारी सकाळी येतोच मी."

ती म्हणाली, "बरा."

सगळं त्यात आहे! शहाण्या माणसाने असं म्हणावं? पण ज्याने वीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून बोलून पोट भरलं, त्याला आपलं तोंडही चालतं याचा विसर पडला असेल तर नवल नाही. शुक्रवारी सकाळी तो निघायच्या बेतात असतानाच फोन आला. भाऊ पहाटेच गेले होते.

पुढचे दहा दिवस तो एकाच गोष्टीच्या आधाराने उभा होता. भाऊंनी ऐकलं. आपण भेटलो नाही, पण त्यांनी ऐकून जीव सोडला. भेटायला येणाऱ्यांत तो खाली मान घालून बसायचा आणि मनात तेवढंच घोळवायचा. आपली मालिका लागते तेव्हा तो ती बघत नसे. लिहिणारे बहुतेक बघत नाहीत. तोवर त्यांचं डोकं पुढच्या भागांत अडकलेलं असतं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी लालबागच्या घराच्या दारात शिवा उभा राहिला. सेटवरचं सामान सांभाळणारा, केस पिकलेला माणूस. घर मोडलं होतं आणि तो फोटो परत द्यायला आला होता. काच पुसलेली, चंदनाचा हार तसाच.

"हार काढणार होतो दादा," शिवा अवघडून म्हणाला. "पण मग कळलं, म्हणून ऱ्हाऊ दिला."

पाणी पिऊन तो गेला. शेवंतीबाईने फोटो जुन्या खिळ्याला लावला. भिंतीचा तिथला रंग वर्षभरात उजळ राहून गेला होता. फोटो बरोब्बर त्यावर बसला. खाली तिने निरांजन ठेवलं. ज्या हारासाठी तिने आकाशपाताळ एक केलं होतं, तो तिने स्वतःच्या हाताने सरळ केला.

मग मुलाकडे वळून तिने विचारलं, "ता चेडू काय बोलत होता रे?"

"कुठलं?"

"गुरुवारचा. फोटोसमोर उभा ऱ्हवान बोलत होता मा? आमका ऐकूक येणा नाय. नुसता गाणा वाजत होता. भाऊ म्हणाले, कायतरी बोलता ता, आवाज वाढव गो. मी वाढवलंय. गाणाच मोठा झाला. त्यांनी मोबाइल कानाकडे धरल्यानी. मग डोळ्यांकडे. तिच्या ओठांकडे बघीत ऱ्हवले. संपला तेव्हा माका म्हणाले, झिलाक इचार, काय होता ता."

स्वप्नीलने मोबाइल काढला. तीनशे बारावा भाग, सोळावं मिनिट. ईश्वरी फोटोसमोर उभी आहे, गालावरून पाणी ओघळतंय, ओठ हलताहेत, आणि वर मालिकेचं शीर्षकगीत. भाग लांबला असेल, कुणीतरी सीन पाऊण मिनिटावर आणला असेल आणि संवाद तुटतात म्हणून गाणं चढवलं असेल. सुरुचीला विचारलं असतं तर तिने हेच सांगितलं असतं. यात कुणाचं काही चुकलेलं नव्हतं. असं होताना तो स्वतः चार मालिका पाहत आला होता.

शेवटच्या रात्री आपला बाप एका नटीच्या ओठांवरून आपल्या मुलाचे शब्द शोधत होता, आणि मुलगा अर्ध्या तासावर फणसवाडीत पुढचा भाग लिहीत बसला होता.

"आता तू सांग," शेवंतीबाई म्हणाली. "माका नको सांगू. त्यांका सांग."

तो फोटोसमोर उभा राहिला. सीन मोबाइलमध्ये होता. त्याने उघडला. 'ईश्वरी, डोळ्यांत पाणी : बाबा, तुम्ही मला कधी अख्खं वाक्य दिलं नाहीत. पहिला शब्द दिलात आणि थांबलात. पुढचं मला आलं ते तुम्ही थांबलात म्हणून.' पुढे दीड पान होतं. त्याला ते वाचवेना. शब्द त्याचेच होते, पण आता ते त्या पोरीचे वाटत होते.

"वाचून नको," शेवंतीबाई म्हणाली.

त्याने मोबाइल खाली ठेवला आणि वर बघितलं. स्टुडिओच्या कोटातले भाऊ समोर बघत होते. वर्षभर ज्या तोंडासमोर त्याने पानंच्या पानं बोलून टाकली होती, त्याच्यासमोर आता एक अक्षर सुचेना. माणसांसमोर भाऊंची बसायची तशी त्याची दातखीळ बसली. तो अडखळला तशी त्याची नजर आपसूक डावीकडे गेली, जिथे विंग असते. तिथे मोरी होती, आणि मोरीच्या कठड्याला टेकून आई.

पंचेचाळीस वर्षं प्रॉम्प्टरची बायको होती ती. तिने अगदी हलक्या आवाजात, पहिल्या रांगेला ऐकू जाणार नाही असा, पहिला शब्द दिला.

"भाऊ..."

"भाऊ," स्वप्नील म्हणाला.

आणि थांबला. शेवंतीबाई गप्प राहून वाट बघत होती, तशीच वाट बघायची असते म्हणून. निरांजनातलं तूप संपत आलं तरी पुढचं त्याला आलं नाही.