काशीत कुठं उतरायचं ते मोहल्लाकाकूंना विचारा

गाव, गोत्र, नोकरी यांतलं काहीही न विचारता मोहल्लाकाकू माणसाचा मोहल्ला सांगत. "हा अस्सीचा आहे, ह्याला रोज नवीन माणूस लागतो." "ही बाई गोदौलिया. हिला गल्लीत ठेवू नका, गुदमरेल." आमच्या बँकेचे मॅनेजर एकदा माझ्याबरोबर त्यांच्याकडे चहाला आले, जेमतेम चहा संपेपर्यंत बसले आणि गेले. ते कोपऱ्यावर वळतात न वळतात तोच काकू म्हणाल्या, "सिगरा आहे बिचारा." म्हणजे रस्ता रुंद, गाडी लावायची सोय आणि बघण्यासारखं काही नाही. मला हसू आवरेना. मोठ्या हौसेनं मी विचारलं, "आणि मी?" काकूंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तू कँट. स्टेशनाजवळची. मतलब, तू अजून सामान सोडलंच नाहीस." तेव्हा माझी बदली होऊन वर्ष होत आलं होतं आणि निम्मी खोकी खरंच तशीच बांधलेली होती.

काकू बालाजी घाटाच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर एकट्या राहत. मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी परदेशात. घराणं मूळचं कोकणातलं, पण कोकण काकूंनी पाहिलं नव्हतं आणि पाहायची इच्छाही नव्हती. त्यांची मराठी पेशवाईत घरातून निघाली होती आणि वाटेत हिंदीच्या घरी पोटभर जेवून आली होती. "अगं, तू पहिले बस तर सही," असं त्या म्हणाल्या की मला हसायला यायचं आणि बरंही वाटायचं. एका हळदीकुंकवाला आमची ओळख झाली. तेव्हापासून आमच्या गावाकडून कुणीही "काशीला येतोय, कुठं उतरू?" असा फोन केला की मी तो काकूंकडे वळवायची. मला स्वतःला त्यातलं काही कळत नव्हतं. बँकेनं दिलेल्या शिवपूरच्या फ्लॅटमध्ये मी राहत होते, आणि शिवपूर म्हटलं की काकू नुसत्या सुस्कारा सोडत.

पाहुण्यांना त्या बजेट विचारत नसत. घोरतं कोण? पहाटे चहा कोण करतं? दोघांत पहिले चिडतं कोण? असले प्रश्न. लोक बिचकायचे. माझ्या एका मावसभावानं तर फोनच ठेवून दिला आणि मोबाइलवर नकाशा बघून परस्पर खोली घेतली. घाट दोन मिनिटांवर, असं तिथं लिहिलं होतं. होताही. पण कपाटाएवढी सुटकेस घेऊन तो त्या गल्लीत शिरला आणि समोरून सांड आला. गल्ली अशी की सुटकेस तरी जाईल नाहीतर सांड. भावाची बायको मागे, तिच्यामागे दूधवाला, त्याच्यामागे कुठली तरी यात्रा. भावानं हताश होऊन मला फोन केला, मी काकूंना जोडून दिला. काकू शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, सांडाला रिव्हर्स गिअर नसतो. तुम्हीच मागे या." सगळी यात्रा उलटी चालत मुख्य रस्त्यापर्यंत आली म्हणे. काकूंचं एक ठरलेलं वाक्य होतं, "घाट बघून उतरू नये, जिना बघून उतरावं." तेव्हापासून मावसभाऊ हे वाक्य स्वतःचं म्हणून सांगत असतो.

एवढ्या लोकांना जागा नेमून देणाऱ्या काकूंच्या डोक्यावरची खोली मात्र रिकामी असायची. छान खोली होती. खिडकीतून गंगेचा चांगला रुंद पट्टा दिसे, सकाळचं ऊन थेट पलंगावर येई. काकू ती दर आठवड्याला झाडून पुसून घेत आणि पुन्हा कुलूप लावत. भाड्यानं मागणारे काय कमी होते! पण त्या म्हणत, "बालाजी घाट बसणाऱ्यांचा मोहल्ला आहे. दिवसभर नुसतं बसायला ज्याला त्रास होत नाही, त्यानंच इथं यावं. तुमचे लोक काय, आले, डुबकी मारली, साडी घेतली, निघाले."

आणि मग माझ्या आईचा फोन आला.

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. आई कराडला एकटी. फोनवर अगदी बाजारात निघाल्यासारखं म्हणाली, "मी काशीला येतेय. काशीवासाला. परत जायचं तिकीट काढू नकोस." म्हातारपणी काशीत येऊन राहायचं आणि मरण येईपर्यंत काशी सोडायची नाही, म्हणजे मोक्ष मिळतो, अशी ती जुनी चाल. मी म्हटलं, ये, माझ्याकडे राहा. तर म्हणाली, "लेकीच्या घरी काय काशीवास? आणि तुझं शिवपूर वरुणा नदीच्या पलीकडे आहे. मी चौकशी केली. तिथं मेलं तर काही उपयोग नाही." म्हणजे सगळा अभ्यास करून ठेवला होता. पुढं सहज म्हणावं तसं बोलली, "रक्तदाबाच्या गोळ्याही बंद केल्यात. गंगेला जाताना गोळ्या कशाला?"

मी सरळ काकूंकडे गेले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. माझी आई मरायला निघाली होती आणि मी तिच्यासाठी खोली शोधायची होती. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. घोरण्याबिरण्याचं काही विचारलं नाही. फक्त विचारलं, "देवाधर्माचं सगळं मानते?"

"सगळं. मांजर आडवं गेलं तरी थांबते."

"अच्छा. मग रामनगरला ठेव."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. रामनगर म्हणजे गंगेच्या पार, पलीकडच्या काठावरचं गाव. "काकू, ते काशीत नाही."

"नाहीच आहे. माझ्याबरोबर शिकवायची ती मिश्राइन तिथं राहते. दोन सुना, नातवंडं, भरलेलं घर. पुढची खोली देईल. तू आईला सांग, बालाजी घाटावर खोली बघितलीय, अजून खाली झाली नाही, तोपर्यंत पल्याड राहा."

"आणि तुमची वरची खोली?"

"ती आहेच रिकामी. पण आईला सांगशील तर खबरदार."

भाद्रपदात आई आली. एक पिशवी कपडे, एक पिशवी पोथ्या. काकूंनी तिला पलीकडच्या काठावर उभं करून समोरची अख्खी काशी दाखवली आणि म्हणाल्या, "काशीत राहून काशी कुठं दिसते? इथून बघा." आई खूश झाली. ही खुशी चार दिवस टिकली. मग मिश्राइननं, काकूंनी पढवल्याप्रमाणे की आपणहून कोण जाणे, अंगणात तांदूळ निवडताना तिला सांगितलं, "माताजी, एक बात है. इहाँ प्राण मत छोडिएगा. काशी में मरे तो मोक्ष, अउर इस पार मरे तो अगला जनम गदहा का."

मला बँकेत आईचा फोन. "तुला माहीत होतं? अगं, इथं मेलं की गाढवाचा जन्म! सख्ख्या आईला गाढव करायला निघालीस? आत्ताच्या आत्ता त्या काकूला सांग, मला खोली पाहिजे." काकूंना सांगितलं, तर त्या पदरात तोंड घालून हसल्या. मग फोन घेऊन गंभीर आवाजात म्हणाल्या, "वहिनी, भाडेकरू हटत नाहीये. मी काय करू? तुम्ही तोपर्यंत तब्येत सांभाळा हं, भरोसा नाही."

आईनं त्याच संध्याकाळी गोळ्या सुरू केल्या. मिश्राइनच्या मोठ्या सुनेला पाठवून रक्तदाब मोजायचं यंत्र आणवलं. पायऱ्या उतरताना भिंत धरायला लागली, कारण पडून मरणं हेही मरणच. सर्दी झाली तर काढा. गंगास्नानाला नावेतून जायची, तर नाव नीट आहे ना, हे नावाड्याला तीनतीनदा विचारायची, कारण मधल्या धारेत बुडालं तर कुठल्या काठाच्या हिशेबात धरतात, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. मोक्षासाठी आलेली बाई गाढवाच्या भीतीनं तब्येत राखू लागली.

तेवढ्यात रामलीला लागली. रामनगरची लीला एका जागी होत नाही. अयोध्या एकीकडे, जनकपूर दुसरीकडे, लंका गावाबाहेर, आणि बघणाऱ्यांनी देवामागून चालत जायचं. आई रोज दुपारी बसकर काखेत मारून मिश्राइनबरोबर निघायची. महिनाभर चालली. कराडात कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत रिक्षा करणारी माझी आई! थंडी पडली तशी बाजारात रामनगरची मोठाली वांगी आली. डोक्याएवढं वांगं बघून आईतली गृहिणी जागी झाली. तिनं मिश्राइनच्या सुनांना भरीत शिकवलं, मग ठेचा शिकवला, मग त्यांचं चोखा, म्हणजे तिकडचं भरीत, करणं कसं चुकतं तेही शिकवलं. त्यावरून घरात दोन तट पडले. आईला दोन्ही तटांची खबर ठेवावी लागे. काशीवासाच्या पोथ्या कुठल्या कोनाड्यात गेल्या, कुणालाच ठाऊक नाही.

ह्या सगळ्यात काकू दर दोन-तीन दिवसांनी पूल ओलांडून तिच्याकडे जायला लागल्या. मला आधी कळलं नाही. एकदा अचानक गेले तर दोघी ओसरीवर पाय पसरून बसलेल्या. आई त्यांची मराठी सुधारत होती आणि काकू तिला बनारसी शिव्या शिकवत होत्या. काकूंना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. जाताना आईचं नेहमीचं, "खोलीचं काय झालं?" आणि काकूंचं नेहमीचं, "अहो, तो मुआ हलतच नाही!" त्या भाडेकरूला त्यांनी पुढं बायको दिली, मग बायकोला दमा दिला. आई त्या बाईसाठी अडुळशाचा काढा करून पाठवायची. तो काकू गुपचूप स्वतः पीत.

संक्रांत झाली आणि आईनं मला बोलावून घेतलं. गूळपोळीचं ताट पुढं सरकवत म्हणाली, "तिकीट काढ माझं. खोली काही मिळत नाही आणि इथं मरायची सोय नाही. तिकडं पाणी घालायला कोणी नाही, माझी जास्वंद वाळली असेल. उन्हाळ्यात लोणची घालायचीत." मी तिच्याकडे बघत राहिले. गालावर मांस चढलं होतं. तिचं हे वाक्य ऐकण्यासाठी मी किती महिने जीव मुठीत धरून होते, ते तिला सांगता आलं नाही. मी म्हटलं, "काकूंना सांगितलंस?" आई म्हणाली, "तूच सांग. मला नाही जमणार."

मी सांगितलं. काकू म्हणाल्या, "वाह. वाह." आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

काकू गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्याच घरी, झोपेत, कुणाला काही त्रास न देता. तोवर माझी बदली पुण्याला झाली होती. बातमी कळली तेव्हा आई माझ्याकडे आलेली होती, ती एवढंच म्हणाली, "लबाड होती." आणि पदरानं डोळे पुसले. काकूंच्या कितीतरी गोष्टी मी लोकांना सांगते, सांडाची सांगते, गाढवाची तर हमखास सांगते, आणि लोक हसतात. आईला गाडीत बसवून काकू आणि मी परत येत होतो, तेव्हाचं मात्र कुणाला सांगत नाही.

स्टेशनावर काकू ठीक होत्या. आईच्या पिशवीत पेढे कोंबले, खिडकीतून हात धरून "पोचल्यावर फोन करा" म्हणाल्या. गाडी हलली. आम्ही ई-रिक्षात बसलो. मैदागिनच्या गर्दीत रिक्षा अडकली, आणि मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "काकू, तुमच्यामुळे आई मिळाली मला परत."

काकू समोर बघत म्हणाल्या, "वरच्या खोलीत ठेवली असती ना, तर ती राहिली असती. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. अगदी बालाजी घाटाची बाई आहे ती. बसणारी. इतक्या वर्षांत त्या खोलीत कोणी यावं असं मला वाटलंच नव्हतं. हिच्यासाठी वाटलं. रोज वाटायचं. पुलावरून येताना दर वेळी ठरवायची, आज सांगून टाकते."

"मग सांगितलं का नाहीत?"

"अगं, ती मरायला आली होती ना. माझ्याकडे आली असती तर तिला सोबत मिळाली असती. दोघी मिळून वाट बघत बसलो असतो."

रिक्षा सुटली. काकूंनी माझा हात घट्ट धरला होता, तो गल्लीच्या तोंडाशी उतरेपर्यंत सोडला नाही.