सोलरचं कव्हर

दवाखान्यातल्या मावशींना झाकाझाकीची भारी हौस. घरी टीव्हीवर कव्हर, मिक्सरवर कव्हर, रिमोटलासुद्धा प्लॅस्टिकची पिशवी. महागाची वस्तू उघडी दिसली की त्यांच्या जिवाची घालमेल व्हायची. बावीस वर्षं झाडूनपुसून दवाखाना त्यांनी लख्ख ठेवला होता, आणि तो आपल्याच जिवावर चालतो असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. तसं ते फारसं चूकही नव्हतं.

धडधडणारा जनरेटर जाऊन लशींच्या फ्रिजसाठी गच्चीवर सोलर आलं, तेव्हा कंपनीचे साहेब दिवसभर सगळ्यांना समजावत होते. मावशींना तेवढं चहा आणायला पिटाळलं. झाडणाऱ्या बाईला काय सांगायचं! गच्ची मात्र रोज त्याच झाडायच्या.

शनिवारी दुपारी धुळीचं वादळ येणारसं दिसलं. एवढ्या किमती काचा खराब होतील म्हणून मावशींनी जुन्या पडद्यांचं, स्वतः मशीनवर शिवलेलं कव्हर त्यांवर चढवलं, चारी कोपरे बांधले आणि समाधानानं घरी गेल्या. रविवारी दवाखाना बंद.

सोमवारी सकाळी सातला लशींच्या फ्रिजवरचा दिवा विझलेला. मावशींनी आत हात घातला, तर बाटल्या कोमट. गच्चीवरचं कव्हर आठवलं. जनरेटर बंद पडला की निदान आवाज तरी थांबायचा. हे मेलं गपचूप आटोपलं होतं. त्यांनी धावत वर जाऊन कव्हर ओढून काढलं. बऱ्याच वेळानं हिरवा दिवा लागला. दहाला सिस्टर आल्या, तोवर बाटल्या पुन्हा गार.

"मावशी, बाळांना आत घ्या."

मावशींनी पहिलं नाव पुकारलं. कव्हरचं सांगावं, तर कुठे आता बावीस वर्षांनी, पुढच्याच महिन्यात नोकरी कायम व्हायची होती. लस आता नुसतं पाणी झाली की विष, हेही त्यांना ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं तरी कोणत्या तोंडानं? पहिलं बाळ रडलं. दुसरं रडलं. मावशी पुढचं नाव पुकारत होत्या. चार बाळं झाली. त्यांच्या आया कापूस दाबून समोरच्या बाकावर बसल्या. सुईनंतर अर्धा तास थांबायचं असतं.

पाचवी आली ती मावशींचीच लेक, दोन महिन्यांच्या नातीला घेऊन.

"आई, तूच धर गं हिला. मला नाही बघवत."

मावशींनी नात घेतली आणि छातीशी आवळली. सिस्टर सुई घेऊन वळल्या, तशा मावशी भिंतीला जाऊन टेकल्या.

"हिला नको! फ्रिज बंद पडला होता. सोलरवर मीच कव्हर घातलं होतं, शनिवारपासून."

सिस्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. "सकाळपासून माहीत होतं तुम्हाला?"

मावशींनी कशीबशी मान डोलावली.

बाकावरची एक आई आपल्या बाळाला घेऊन उठली.

"मावशी, मग आमची पोरं तुमची कुणीच नव्हती का?"